किटलीतला पांढरा थर आणि पाण्याचा अहवाल

पुणे,
दि. २४ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शिमग्याला आले होते तेव्हा तुमच्या नव्या घरातले पाणी तपासायला दिले होते, त्याचा अहवाल परवा हाती आला. फोनवर हे सगळे नीट सांगता येणार नाही आणि बाबांना आकडे कागदावर लागतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी आईसाठी. काळे वाटाणे रात्रभर भिजवून, कुकरच्या आठ शिट्ट्या होऊनही दाताखाली टचटचत राहिले आणि "आता माझा हातच बिघडला" असे म्हणून तू जेवताना गप्प बसलीस, ते माझ्या मनातून गेलेले नाही. आई, तुझ्या हाताचा यात काहीही दोष नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कडधान्यातल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला, घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे दाणा कितीही शिजवला तरी आतून मऊ होत नाही. गावच्या विहिरीवर तुला हे कधी जाणवले नाही, कारण ती विहीर जांभ्यातली होती. जांभ्यातून हे दोन्ही क्षार युगानुयुगांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेलेले असतात, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहते. चाळीस वर्षे तू हलक्या पाण्यावर स्वयंपाक केलास, आणि आता रत्नागिरीच्या वेशीवर खाडीच्या अंगाला राहायला आल्यावर एकदम बोअरच्या जड पाण्याशी गाठ पडली आहे.

बाबा, आकडे असे आहेत. सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे ३८० मिलिग्रॅम, क्लोराइड २९० आणि एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, ८७०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, वर्ष २०१२) या तिन्हींची इष्ट मर्यादा अनुक्रमे २००, २५० आणि ५०० आहे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६००, १००० आणि २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हे पाणी विषारी नाही. साबणाला फेस न येणे, किटलीच्या तळाशी धरलेला पांढरा थर, गीझरचे कॉइल दोन वर्षांत जाणे हा सगळा त्रास खरा, पण त्याने प्रकृतीला धोका नाही. किटलीत लिंबूसत्व घालून पाणी उकळा आणि तासभर तसेच ठेवा, थर सुटून येईल.

क्लोराइडचा आकडा मात्र मला खटकला, कारण त्यावरून समुद्राचे खारे पाणी शिरत असल्याची शंका येते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, त्यामुळे शंभर लिटर गोड पाण्यात एक लिटर खारे पाणी शिरले तरी टीडीएस साडेतीनशेने चढतो. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. म्हणून मे महिन्यात, सगळ्या इमारतींचे पंप दिवसभर चालू असताना, तुमचे पाणी आजच्यापेक्षा मचूळ लागेल. तुमच्या इमारतीची गच्ची साधारण चारशे चौरस मीटर आहे आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे बारा लाख लिटर पाणी दर पावसाळ्यात पन्हळीतून गटारात जाते. ते गाळून बोअरच्या शेजारी मुरवायचा विषय बाबांनी सोसायटीच्या सभेत जरूर काढावा. तुमच्यासारखे शांतपणे समजावून सांगणारे तिथे दुसरे कोणी नाही.

आता पाणी शुद्ध करायचे यंत्र विकायला आलेल्या त्या मुलाविषयी. त्याने दोन पेल्यांत लोखंडी कांड्या सोडून वीज जोडली, तुमच्या नळाचे पाणी गढूळ तपकिरी झाले, त्याचे पाणी स्वच्छ राहिले, आणि आईने घाबरून पदराने तोंड झाकले. तो तपकिरी गाळ पाण्यातला नव्हता, कांडीचे लोखंड झिजून आलेला होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते. त्याच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्याने तिथे काही घडत नाही. इतक्या वयाच्या माणसांना अशा रीतीने भिववून हजारो रुपये मागणे मला अतिशय लागले. त्याने सुचवलेला सॉफ्टनर तर पिण्याच्या नळाला नकोच. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, आणि तुमच्या पाण्याच्या जडपणाचा हिशेब केला तर लिटरमागे सुमारे १७५ मिलिग्रॅम सोडियम वाढेल. बाबांना डॉक्टरांनी लोणचे-पापड बंद केले आहेत, मग पाण्यातून मीठ कशाला?

अहवालातली खरी काळजीची ओळ शेवटी आहे. खालच्या साठवण टाकीच्या नमुन्यात, जो मी प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत त्याच दिवशी नेऊन दिला होता, ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून पाण्यात येणारे जंतू, सापडले. मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटरमध्ये असा एकही जंतू चालत नाही. पाणी दिसायला नितळ, वासही नाही. त्या टाकीचे झाकण एका कोपऱ्यात फुटलेले मी पाहिले होते आणि गटार तिथून चार पावलांवर आहे.

म्हणून हात जोडून विनंती करते की, टाकी धुऊन त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडेपर्यंत पिण्याचे प्रत्येक भांडे खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू द्यावे. टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी, म्हणजे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करून घ्यावी. पाणी पिवळसर झाले म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. ग्रामपंचायतीचे पाणी एक दिवसाआड येते, ते टाकीत बोअरच्या पाण्यात मिसळण्याआधीच फाटकाजवळच्या नळावरून भरावे. ते हलके आहे, तेच प्यायला आणि डाळ-कडधान्याला वापरावे. बाबांनी कळशी तिसऱ्या मजल्यावर चढवू नये, खालच्या मुलाला पैसे देऊन सांगावे. मी ते दर महिन्याला पाठवीन. आईने आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे, आंबटानेही दाणा आवळतो.

मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, मी येत आहे. तेव्हा प्लंबरला बोलावून ग्रामपंचायतीच्या नळाची वेगळी जोडणी स्वयंपाकघरापर्यंत आणता येते का ते पाहू. येताना निर्जंतुक बाटल्या घेऊन येते; टाकीचे पाणी पुन्हा तपासायचे आहे. आणि आई, एक किलो काळे वाटाणे आणून ठेव.

आपली लेक