तो दगड खरंच वाजतो

दोस्ता,

तुझं पत्र येऊन आठ महिने झाले, उत्तर नाही दिलं, चिडला असशील तर चीड. गुडघा बराय, आईचं बीपी गोळीवर आहे, बस्स.

रविवारी खांदेरीच्या बेटावरच्या किल्ल्यावर जाऊन आलो, तुला सोडून. थळहून होडीने. आणि ऐक, तो दगड वाजतो रे! बारावीत तू शपथा घेऊन सांगत होतास, मामाबरोबर गेलो होतो, दगडाने ठोकला की हंड्यासारखा आवाज येतो, आणि मी सगळ्या वर्गासमोर तुला थापाड्या म्हटलं. दोन महिने बोलला नव्हतास. परवा ठोकला. टण्ण! तिथेच उभा राहिलो, आधी तूच आठवलास. माझं चुकलं होतं, पंचवीस वर्षांनी का होईना, सांगतोय.

पण नंतर त्यावर हात फिरवला तर ठोकून ठोकून खळगे पडलेत. आमच्या होडीतल्या प्रत्येकाने ठोकला, एकाने तर व्हिडीओ नीट येईना म्हणून पाच वेळा. २०२५ च्या जुलैमध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेली तेव्हा मी पेढे वाटलेले, आता तेच डोक्यात घोळतंय, झोप नाही. गर्दी वाढणारच ना. बेटावर वस्ती नाही, सगळे निघून गेल्यावर त्या दगडाकडे, चाकांच्या गाड्यांवरच्या जुन्या तोफांकडे बघणार कोण?

लाईटहाऊसखाली बराच वेळ बसलो. १८६७ चं, आठ कोनी, २५ मीटर उंच. १६७९ मध्ये महाराजांची माणसं इथे तट बांधायला लागली तेव्हा इंग्रजांनी जहाजं आणून अडवायला बघितलं, जमलं नाही, आणि पुढे त्यांनीच मुंबईच्या वाटेवरच्या जहाजांसाठी त्याच बेटावर दिवा लावला. लहानपणी थळच्या किनाऱ्यावरून आपण त्याचे झोत मोजायचो, तू नेहमी एक जास्त मोजायचास, त्यावरूनही भांडलोय, पण त्यात मात्र मीच बरोबर होतो हां.

लेकीची दहावी कशी गेली? वहिनींचं नवीन ऑफिस? नीट लिही.

डिसेंबरात ये, समुद्र शांत असतो, जाऊ दोघं. तू म्हणशील वाजणारा दगड वाजवायचा नाही तर काय करायचं. मला खरंच कळत नाहीये, तूच सांग. मी ठोकणार नाही एवढं ठरवलंय, आणि तुला अडवायला जीभ रेटेल का, माहीत नाही.

तुझाच