नॉर्थ कॅरोलायनाचे ब्रीदवाक्य

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकन राज्याच्या राजधानीहून, रॅली शहरातून, तू पाठवलेल्या छायाचित्रातील राज्यमुद्रेवर जे लॅटिन वचन आहे, ते ‘एस्से क्वाम विदेरी’. तसे दिसण्यापेक्षा तसे असावे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. एवढे तुला तिथे कोणीही सांगितले असते. परंतु हे शब्द त्या मुद्रेवर कसे आले हे फोनवर सांगून संपण्याजोगे नव्हते, म्हणून पत्र लिहितो आहे. आम्हा वकिलांना लॅटिन येते ते कायद्याच्या सूत्रांपुरतेच. संदर्भातून तोडून उचललेल्या वाक्याकडे संशयाने पाहण्याची खोड मात्र निवृत्तीनंतरही जात नाही.

हे शब्द सिसेरो या रोमन वक्त्याचे आणि लेखकाचे आहेत. इ.स.पू. 44 मध्ये, म्हणजे सीझरची हत्या झाली त्या वर्षी, त्याने मैत्री या विषयावर एक संवाद लिहून आपला मित्र अ‍ॅटिकस याला अर्पण केला. त्यात लेलियस हा जुना मुत्सद्दी, नुकताच निवर्तलेला आपला मित्र स्किपिओ याच्या आठवणीने भारावलेला असताना, आपल्या दोन जावयांशी बोलतो आहे. बोलता बोलता विषय खुशामतखोरांवर येतो आणि लेलियस म्हणतो की, आपल्या अंगी सद्गुण असावा असे ज्यांना वाटते त्यांच्यापेक्षा तो आपल्या अंगी दिसावा असे वाटणारेच जास्त, आणि खुशामत गोड लागते ती याच लोकांना. मूळ वाक्य ही अशी मनुष्यस्वभावाबद्दलची तक्रार आहे. त्याच्या मधले तीन शब्द कापून घेतले की तिचा उपदेश होतो. एखाद्या करारातील कलमाचे कोणी असे केले असते, तर मी तात्काळ हरकत घेतली असती.

आज आपण त्या शब्दांना देतो तो अर्थ खरे तर सॅलस्ट या रोमन इतिहासकाराशी जास्त जुळतो. कॅटो या रोमन मुत्सद्द्याबद्दल तो लिहितो की, हा माणूस चांगला दिसण्यापेक्षा चांगला असणे पसंत करी, आणि म्हणून तो कीर्तीच्या मागे जितका कमी लागे तितकी ती त्याच्या मागे येई. कल्पना याहूनही जुनी आहे. एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या इ.स.पू. 467 मधील नाटकात थेब्ज या ग्रीक नगरावर सात सेनानी चालून येतात. इतरांच्या ढालींवर बढाईखोर चित्रे, कोणाच्या ढालीवर तर सोन्याची अक्षरेही आहेत; एकट्या अँफिअरॉसची ढाल कोरी आहे, कारण त्याला श्रेष्ठ दिसायचे नसून श्रेष्ठ असायचे आहे. चिन्ह नाकारणाऱ्या वीराची ही कल्पना अखेर एका राज्याच्या चिन्हावर जाऊन बसली, याची मला गंमत वाटते.

नॉर्थ कॅरोलायनाने हे वचन 1893 मध्ये कायदा करून स्वीकारले. तोवर, स्वातंत्र्याला शतक उलटून गेले तरी, या राज्याला ब्रीदवाक्यच नव्हते. मसुदा वॉल्टर क्लार्क यांचा. ते तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि पुढे तेथेच मुख्य न्यायाधीश झाले. विधेयक सिनेटमध्ये मांडले जेकब बॅटल यांनी. इथपर्यंत सारे सरळ आहे. परंतु त्याच कायद्याने राज्यचिन्हाच्या वरच्या बाजूस ‘20 मे 1775’ ही तारीखही घालायला लावली, आणि खरी मौज तिथे आहे.

त्या दिवशी शार्लट येथे मेक्लेनबर्ग परगण्यातील लोकांनी, 4 जुलै 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या वर्षभराहून आधी, ब्रिटनपासून आपले स्वातंत्र्य जाहीर केले, असा तिथला अभिमान आहे. पुरावा तपासावा, तर मूळ कागद 1800 साली आगीत जळाला आणि जाहीरनाम्याचा मजकूर छापून आला तो थेट 1819 मध्ये. तो वाचून, 1776 चा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसन यांनी जॉन अ‍ॅडम्स यांना लिहिलेल्या पत्रात आपण तो बनावट समजतो असे स्पष्ट म्हटले. पुढे राज्याने वयोवृद्ध साक्षीदारांचे जबाब गोळा करून प्रसिद्ध केले. इतक्या वर्षांनंतरचे जबाब उलटतपासणीत कितपत टिकतात, हे मला चांगले ठाऊक आहे. त्यानंतर 1838 मध्ये 1775 च्याच वर्तमानपत्रात छापलेले 31 मेचे मेक्लेनबर्गचे ठराव हाती लागले. ते अस्सल आहेत आणि चांगले जहाल आहेत, पण त्यात स्वातंत्र्याची घोषणा नाही. स्मरणावरून मांडताना या ठरावांचाच पुढे ‘जाहीरनामा’ झाला असावा, असे बहुतेक इतिहासकारांना वाटते, आणि मलाही तेच पटते.

असण्याला दिसण्यापेक्षा वरचे स्थान देणाऱ्या कायद्यानेच अशी तारीख मुद्रेवर चढवावी, हे सिसेरोने पाहिले असते तर त्याने काय म्हटले असते, असे मनात येते. क्लार्क आणि बॅटल यांच्यावर मी लबाडीचा आरोप करणार नाही. तिथल्या पुष्कळांची त्या कथेवर मनापासून श्रद्धा होती. नवल इतकेच की, या राज्याजवळ निर्विवाद मानही होता. 12 एप्रिल 1776 रोजी हॅलिफॅक्स येथे भरलेल्या त्यांच्या प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधिसभेने, सर्व वसाहतींच्या काँग्रेसमधील आपल्या प्रतिनिधींना स्वातंत्र्याच्या बाजूने मत देण्याचा अधिकार दिला, आणि असे करणारी ती पहिली वसाहत होती. ही तारीख मुद्रेवर यायला 1983 साल उजाडले. तेव्हाही जुनी तारीख कोणी काढली नाही. तुझ्या छायाचित्रात वरचा भाग उन्हाच्या तिरिपेने पुसट झाला आहे आणि खालची एप्रिलची तारीख तेवढी वाचता येते. पुन्हा त्या बाजूस गेलीस, तर दोन्ही तारखा दिसतील असे एक छायाचित्र काढून पाठव.

तुझे,
बाबा