साखर मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा मे महिन्यात, सोलापुरात घ्या

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी सोलापुरात लॅब टेक्निशियन आहे. आई कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. तिचा जन्म विड्या वळण्यात गेला. मागच्या मे महिन्यात भर दुपारी तिला दरदरून घाम सुटला, जीभ अडखळू लागली. घरच्या ग्लुकोमीटरवर साखर 98. ऊन बाधलं असेल म्हणून मी ताक दिलं. मन मानेना, तेव्हा शिरेतलं रक्त काढून लॅबला नेलं. साखर 61, हिमोग्लोबिन 7.4, दोन्ही कमी. तोवर शेजारणीने गूळ-पाणी पाजलं म्हणून निभावलं.

साहेब, ग्लुकोमीटरच्या पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजवर क्रिया करतं आणि त्यातून निघणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह यंत्र मोजतं. क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 मध्ये मांडलेली ही कल्पना. पण आईसारखं हिमोग्लोबिन कमी, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या, की आकडा फुगतो. शिवाय बहुतेक पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि आमच्या पत्र्याखाली डबी हाताला गरम लागते. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दुपारी मी आकड्यावर विसंबले. अजून खुपतं.

तांबड्या पेशींचं प्रमाण ओळखून आकडा दुरुस्त करणारी नवी मीटर आली आहेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या खालच्या साखरेत 15 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक फार तर शंभरात पाच वेळा चालतो. पण ही कसोटी आमच्या बायकांच्या रक्तावर, आमच्या उन्हात कोण लावणार? पल्स ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजन जास्त दाखवतो, हे अमेरिकेत 2020 मध्ये ठळकपणे पुढे आलं. तोवर तो कित्येक वर्षं बोटांना लागत होता.

म्हणून मागणी एकच. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपकरण-पडताळणीचा छोटा कक्ष सुरू करा. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या संमतीने, प्रत्येक मीटरचा आकडा शिरेतल्या रक्ताशी ताडून पाहा. शेजारी हिमोग्लोबिन आणि खोलीचं तापमान लिहा. सरकारी खरेदीच्या निविदेत हा अहवाल सक्तीचा करा. तोवर निदान आशाताईंच्या नोंदवहीत साखरेशेजारी हिमोग्लोबिनचा रकाना आखून द्या.

कक्ष सुरू झाला, तर रविवारी नमुने घ्यायला मी येईन. पहिलं बोट आई पुढे करणार आहे, तिने तसं सांगितलंय.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, सोलापूर