यंदा गणपतीला नाही जमणार

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन तुझ्या हातात दिला, आई, तेव्हाच ठरवलं की हे सगळं नीट लिहूनच कळवावं.

यंदा गणपतीला मी येत नाही. ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली आहे, अल्बमसाठी. नोकरी सोडलेली नाही. इन्शुरन्स चालू आहे, घराचा हप्ता वेळेवर जातोय. आमचा बँजोवाला आणि फिडलवाली वर्षभर मेळ्यांमधून हिंडत असतात, दोघं एकदम मोकळे सापडले ते नेमके याच दिवसांत. प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्ड करून जोडता आलं असतं, हल्ली तसंच करतात. पण ब्लूग्रासमध्ये, या अमेरिकी डोंगरी गाण्या-वाजवण्यात, तबला-ढोलकी काही नसतं. ठेका सांभाळायचा बास आणि मेंडोलिननं, आणि मेंडोलिन माझ्या हातात. मला ते जुन्या पद्धतीनं हवंय: एका मायक्रोफोनभोवती सगळे उभे, ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे मागे होतात. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो, त्याची मंडळी रेडिओवर अशीच गायची.

बाबा, मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात रात्र-रात्र किराणा घराण्याची गाणी ऐकलेल्या तुम्हाला माझं गाणं नाकातलं वाटतं, ठाऊक आहे मला. तिघं तीन वेगळ्या सुरांत का गातात, हेही तुम्ही इथे आला होतात तेव्हा विचारलं होतंत. पण बँजोची पाचवी तार ऐका एकदा. ती आखूड असते, उंच सुरात मधूनमधून एकसारखी वाजत राहते, तुमच्या तंबोऱ्यासारखी. सतारमेकर गल्लीत तुम्ही मला मांडीवर घेऊन बसायचात, ते काका घोडीवर तारेखाली दोरा जरासा सरकवायचे आणि मुकी तार एकदम बोलायला लागायची. मी "परत, परत" म्हणायचे आणि तुम्ही त्यांना खरंच परत करायला लावायचात. घरी जायला उशीर झाला की आई रागवायची ती तुम्हालाच.

आता जे सांगायला जीभ रेटत नव्हती ते. अल्बममध्ये वाड्याचं गाणं आहे. मोठ्या काकांचं नाव नाही, कागदांचा उल्लेख नाही, त्या दिवाळीचं तर काहीच नाही. विहीर आहे, माजघर आहे आणि शेवटी आजीची जात्यावरची ओवी मराठीतच आहे. घरातलं चार लोकांत कशाला, असं आई म्हणेल. इथल्या डोंगराळ मुलखात मात्र सुटलेलं घर, गेलेली आई, खाणीतले मृत्यू हे सगळं गातात, आणि तेही भरधाव लयीत, ऐकणाऱ्याचा पाय हलतो अशा. वेस्ट व्हर्जिनियाची गायिका हेझल डिकन्स, तिचा भाऊ खाणीतल्या धुळीनं फुप्फुसं निकामी होऊन गेला, तिनं त्यावर गाणं बांधलं. त्यात घराची अब्रू गेली असं कुणाला वाटलं नाही. आपल्याकडेही बायका जात्यावर याहून वेगळं काय सांगत होत्या? मला वाड्याबद्दल राग नाही, बाबा. तुम्ही सही केलीत ते बरोबरच केलंत. फक्त त्यानंतर घरात कुणी वाड्याचं नावच काढलं नाही, ते मला जड जातं.

माझ्या जेवणाची काळजी नको. स्टुडिओ ब्रिस्टलमध्येच आहे, घरून दहा मिनिटांवर. फिडलवालीची आई राजमा शिजवून पाठवते आणि मक्याची जाड भाकरी. इथले म्हातारे ती ताकात कुस्करून खातात, आई, तुझ्या बाबांसारखी!

आता ऐका. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. मखर काढायला शेजारच्या मुलाला सांगून ठेवलंय. बाथरूममधलं स्टूल वापरायला घेतलं आहे, वाळत टाकायचे कपडे ठेवायला नाही. आई, मोदक खा, पण दोनच, आणि साखरेची गोळी जेवणाआधी, "विसरले" चालणार नाही. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला माणूस शुक्रवारी येईल, पैसे दिलेले आहेत, त्याला परत देऊ नका.

डिसेंबरात येतेय, तिकीट काढलंय.

गाणं कच्चं आहे, तरी सोबत पाठवते. बाहेर कुणी ऐकण्याआधी तुम्ही दोघांनी ऐकावं. एखादी ओळ खुपली तर सांगा, ओळ बदलीन. गाणं मात्र काढणार नाही.

तुमची,
चिमी