आर्सेनिक खरे, पण कोणते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील आर्सेनिक आणि पाणपिसू (डॅफ्निया, गोड्या पाण्यातील इवला कवचधारी जीव) यांविषयीचा लेख वाचला. घातक प्रमाणाचा आकडा आपण ठळक चौकटीत छापलात, मात्र तो आर्सेनाइटचा की आर्सेनेटचा, म्हणजे आर्सेनिकच्या त्रिसंयुजी रूपाचा की पंचसंयुजी रूपाचा, हे लेखात एकदाही आलेले नाही. आर्सेनाइट प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटून विकरे निकामी करते, तर आर्सेनेट फॉस्फेटचे सोंग घेऊन पेशीत शिरते व ऊर्जानिर्मिती बिघडवते. पाण्यात फॉस्फेट मुबलक असेल, तर शैवालाला आर्सेनेटची झळ कमी लागते, ती याचमुळे. आर्सेनोबीटेन हे माशांत आढळणारे सेंद्रिय रूप तर जवळजवळ निरुपद्रवीच. या साऱ्यांना एकाच आकड्यात कोंबणे सोयीचे असेलही!

माझा राग जुना आहे. प्रयोगशाळेत उमेदवारी करीत असताना मी २४ तासांपेक्षा लहान डॅफ्निया आर्सेनाइटच्या द्रावणात सोडून ४८ तासांनी किती निश्चल झाल्या हे मोजत असे. एकदा, आदल्या आठवड्यात बहुतेक पिल्ले ज्या मात्रेने गारद झाली होती, त्याच मात्रेत निम्म्याहून अधिक पिल्ले खुशाल पोहत राहिली. बाटली कित्येक दिवस उघडी होती. जिवाणूंनी आर्सेनाइटचे आर्सेनेट केले असावे, म्हणून रूप तपासून घेऊ, असे मी सुचवले. 'एकूण आर्सेनिक तेवढेच भरते ना? मग झाले,' असे म्हणून वरिष्ठांनी 'पिल्ले चिवट' असा शेरा मारला आणि तोच अहवालात गेला. आपल्या लेखाचा सूर नेमका त्याच शेऱ्याचा आहे. अर्थात मोठ्यांचेही तेच: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची गोड्या पाण्यातील जीवांसाठीची ३४० मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही तीव्र (अल्पकालीन संपर्काची) मर्यादा त्रिसंयुजी आर्सेनिकच्या चाचण्यांवरून काढलेली असून लावली जाते ती एकूण आर्सेनिकला.

'मिथिल गट जोडला की विष उतरते' हे लेखातील विधानही अर्धेच खरे आहे. पंचसंयुजी डायमिथिल (दोन मिथिल गटांचे) रूप सौम्य असते. त्रिसंयुजी मोनोमिथिल (एकाच मिथिल गटाचे) रूप मात्र आर्सेनाइटलाही मागे टाकते.

जाता जाता, लेखासोबतचे चित्र पाणपिसूचे नसून डासाच्या अळीचे आहे. तसेच, माझ्या मागील पत्रातील 'आर्सेनाइट' हा शब्द मुद्रणदोष समजून आपल्याकडे सर्वत्र 'आर्सेनिक' असा 'दुरुस्त' करण्यात आला होता. या वेळी तेवढी कृपा करू नये, ही नम्र विनंती.

आपला,
एक जुना वाचक