तळाचं मेण वितळलंच नाही

संपादक महोदय,

आमच्या बचत गटाने गेल्या हंगामात वायगावी हळद वाळवायला मेणाचा सोलर ड्रायर घेतला. काळ्या पत्र्याखाली नऊ सेंटिमीटर खोल डबा, त्यात 20 किलो पॅराफिन. मेण दिवसा वितळेल, रात्री थिजताना ऊब सोडेल, हळद रात्रभर वाळेल, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. पहाटे हात लावावा तर ट्रे गारठलेले.

एका संध्याकाळी झाकण काढून मी मेणात तुऱ्हाटी खुपसली. दोन बोटं आत गेली अन् टक्कन अडली. खाली नुसता दगड.

अभियांत्रिकीतल्या पुतण्याने गणित मांडलं. मेण 58 अंशांना वितळणारं, पत्रा 75 अंशांवर, ऊन आठ तास. दिवसभरात किती खोल मेण वितळेल, याचं उत्तर आलं तीन-साडेतीन सेंटिमीटर. तुऱ्हाटीने तेच सांगितलं होतं! हे गणित मुळात भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फाच्या जाडीसाठी मांडलेलं. मेख अशी, की दुप्पट खोलीला चौपट वेळ लागतो. आमच्या डब्याचा तळ गाठायला जवळपास साठ तास सूर्य मावळायलाच नको. मेणातून उष्णता सरकते फार हळू, त्यात तापवायचं वरून. पातळ झालेलं मेण हलकं, ते वरच बसून राहतं. बाजूने तापवलं तर ते वर चढतं, घट्ट मेणाला चाटत जातं. विक्रेत्याच्या कागदावर मात्र सगळं मेण एकदमच वितळतं.

बरं, वितळलं असतं तरी काय? अप्रकट उष्मा, म्हणजे थिजताना मेण सोडतं ती उष्णता, किलोला 200 किलोज्यूल धरला तर 20 किलोचे झाले 4,000. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 लागतात. म्हणजे रात्रभरात पावणेदोन लिटरही नाही. इकडे क्विंटलभर ओली हळद वाळून वीसेक किलो उरते!

यंदा डबा उभा करून पाहिला. वरच्या अंगाचं मेण लवकर सुटलं खरं, पण वितळताना ते फुगतं हे कुणी बोललंच नव्हतं. शिवणीतून पाझरलं आणि एक ट्रे हळद मेणचटली.

कोणत्या बाजूने तापतं आणि दिवस मावळेपर्यंत किती मेण वितळतं, एवढं तरी विक्रेत्यांनी पत्रकावर छापावं. आणि संगणकावर वितळण्याची मॉडेलं करणाऱ्या मुलांनी ती आमच्या डब्याशी ताडून पाहावीत. हळदीचं काम मार्चपर्यंत चालतं, तुऱ्हाट्यांनाही इथे तोटा नाही.

— बचत गटाची एक सभासद, ता. समुद्रपूर, जि. वर्धा