मेजरकाका, तुम्ही मला काहीच अर्धवट सांगितलं नाहीत

आदरणीय मेजरकाका,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री आमच्या चिमीने ‘एंडर्स गेम’ हे इंग्रजी विज्ञानकथेचं पुस्तक वाचून संपवलं. पुस्तक तुमचंच, पाठीला मी दोनदा चिकटपट्टी लावलेलं. माझ्यापुढे येऊन उभी राहिली ती रागानेच. तिचा राग कशावर होता ते पुढे लिहितो. पण ती झोपल्यावर लक्षात आलं की या पुस्तकासाठी मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. तेहेतीस वर्षं झाली.

१९९१ ची दिवाळी नुकतीच सरली होती. मी पाचवीत होतो आणि सैनिक स्कूलच्या परीक्षेचा क्लास लावला होता. चाचणीत पहिला आलो की तिथले सर मला फळ्यापाशी उभं करायचे आणि बाकीच्या पोरांना सांगायचे, “याच्या निम्मं तरी डोकं आणा कुठून तरी.” पहिल्या वेळी अंगावर मूठभर मांस चढलं. तिसऱ्या चाचणीनंतर माझ्या सायकलची हवा रोज जायला लागली आणि डबा खाताना शेजारी कोणी बसेना. घरी सांगणार काय? घरी पेढे वाटून झाले होते.

तुम्ही मला जिन्यावर एकटं बसलेलं पाहिलंत आणि काही विचारलं नाहीत. “वर ये, तुझ्याहून लहान एका पोराची गोष्ट आहे,” एवढंच म्हणालात. मग रोज दिवेलागणीनंतर तुम्ही इंग्रजीतून वाचायचात आणि मला मराठीतून सांगायचात.

अँड्र्यू विगिन, म्हणजेच एंडर. वय वर्षं सहा. परग्रहावरच्या शत्रूशी लढायला सेनापती हवा म्हणून पृथ्वीवरची हुशार मुलं अवकाशातल्या बॅटल स्कूलमध्ये नेतात, त्यातला एक. यानात बसल्याबसल्या कर्नल ग्राफ सगळ्यांदेखत सांगतो की इथे डोकं फक्त या एकालाच आहे. लगेच मागच्या सीटवरचा मुलगा एंडरच्या डोक्यात टपल्या मारायला लागतो. तिथे तुम्ही थांबलात. चष्मा पुसत म्हणालात, “ग्राफने हे मुद्दाम केलं. पोरगं एकटं पडावं म्हणून.” आमच्या सरांच्या मनात तसं काही नसणार, हे आज कळतं. पण आपल्याशी कोणी बोलत नाही यात आपली चूक नसूही शकते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं. त्या रात्री मी आईला सायकलचं सांगून टाकलं.

पुढे तर मी वेडाच झालो. मुलांच्या सरावाच्या लढाया होतात त्या वजन नसलेल्या खोलीत वर-खाली असं काही नसतं, तेव्हा शत्रूचं दार म्हणजेच खाली असं एंडर ठरवून टाकतो! बंदुकीचा किरण लागला की तिथे पोशाख गोठतो; तर पाय मुडपून, त्या गोठलेल्या पोशाखाचीच ढाल करून हा नेम धरतो. आपल्या गच्चीवर गाद्या टाकून मी ते सगळं करून पाहिलं होतं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मोठ्या माणसांचं बिननावाचं बोलणं असतं, त्याचा मात्र मला कंटाळा यायचा. “ते सोडा, पुढे चला” म्हणून मी मागे लागायचो. तुम्ही एकदाही सोडलं नाहीत.

आणि एक दिवस विचारलंत, “तो स्टिल्सन परत उठला का रे?”

पहिल्याच प्रकरणात शाळेत त्रास देणाऱ्या स्टिल्सनला एंडर मारतो. मी टाळ्या पिटल्या होत्या. तो उठला की नाही, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तो मेलेला होता, आणि एंडरला कोणी ते कळू दिलं नव्हतं. शेवटची परीक्षा म्हणून सिम्युलेटरवर खेळलेली लढाईसुद्धा खरी निघते, एक अख्खा ग्रह जळून जातो, आणि त्या पोराला ते सगळं संपल्यावर सांगतात. पुस्तक मिटून तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, “मी जवानांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या नसतील. पण समोर काय आहे हे माहीत नसताना कोणाला गोळी झाडायला लावली नाही.”

२०१३ साली यावर सिनेमा आला, तो मी पहिल्याच आठवड्यात पाहिला. पडद्यावरचा एंडर चांगला उंच, मिसरूड फुटायच्या वयाचा. सहा वर्षांचं पोर नाही म्हटल्यावर माझ्यासाठी अर्धी गोष्ट तिथेच गेली.

ग्राफही एंडरला विचारतो, येतोस का म्हणून. घर सुटेल, हेही सांगतो. फक्त स्टिल्सनचं खरं सांगत नाही. माझा सैनिक स्कूलचा निकाल लागला तेव्हा तुम्ही बाबांना म्हणालात, “आधी पोराला विचारू.” आणि मला समोर बसवून सगळं सांगितलंत: पहाटेची शिट्टी, गार पाणी, पहिला महिना पांघरुणात तोंड घालून रडशील, इथला पहिला नंबर तिथे विसावा होईल. “नको म्हणालास तरी तू आमचा तोच,” हेही सांगितलंत. मी हो म्हणालो. पहिला महिना खरंच रडलो, पण घाबरलो नाही. तुम्ही सांगितलं होतंत तसंच चाललं होतं.

डोळ्यांच्या नंबरामुळे एनडीए हुकलं, हे तुम्हाला माहीतच आहे. आता गणित शिकवतो. कोणी पहिलं आलं तर त्याला वर्गाबाहेर गाठून पाठीवर थाप देतो. फळ्यापाशी कोणाला उभं करत नाही.

तर चिमीचा राग. पेट्रा एवढी पटाईत नेमबाज, एंडरला नेम धरायला शिकवणारी, आणि शेवटच्या लढायांत थकून पहिल्यांदा तीच का कोसळते? मुलगी म्हणून का? मला उत्तर देता आलं नाही. २०२१ पासून सैनिक स्कूलची दारं मुलींनाही उघडली आहेत आणि तिला यंदा परीक्षेला बसायचं आहे. दिवाळीत तिला साताऱ्याला घेऊन येतोय. पेट्राचं तुम्हीच बघा. आणि होस्टेलचं तिलाही सगळं सांगा, गार पाण्यासकट.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा बंड्या